उन्हाळ्यात केलेली तपासणी

बाळांनो, एप्रिलमध्ये तुमच्या आईनं तुम्हाला एवढंच सांगितलं होतं, की आजीची एक तपासणी दुसऱ्यांदा करावी लागली आणि सगळं ठीक निघालं. ते खरंच होतं, पण फार थोडक्यात होतं. परवा धाकटीनं फोनवर विचारलं, "आजी, टेस्ट दोनदा का केली? पहिल्यांदा नापास झालीस का?" मला हसू आलं. म्हटलं, सगळं लिहून पाठवते.

मी इंग्रजी शिकवण्यात आयुष्य काढलं. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. पण यातली माणसं सोलापूरच्या मराठीत बोलली, आणि त्यांचं बोलणं इंग्रजीत घातलं की ती मला परकी वाटायला लागतात. तेव्हा हळूहळू वाचा. अडलं तर आईला विचारा.

आधी माझ्या थोरल्या बहिणीबद्दल सांगते, म्हणजे मी का घाबरले ते कळेल. तिला वैरागला दिली होती. घरची शेती, दावणीला जनावरं, सासू अंथरुणावर. तिच्या छातीत गाठ आली. हाताला लागत होती, पण दुखत नव्हती, म्हणून वर्षभर तिनं ती कोणाला सांगितली नाही. आधी नणंदेचं लग्न होतं, मग ज्वारीची काढणी आली, मग सासूचं दुखणं वाढलं. शेवटी सोलापूरला माझ्याकडे आली तेव्हा पदर घट्ट आवळून बसली होती. म्हणाली, "दुखत नव्हती की गं. दुखली असती तर आलेच असते." तोवर उशीर झाला होता. ती गेली तेव्हा तिच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की सख्ख्या बहिणीला हा आजार झालाय, तेव्हा तुम्ही दरवर्षी तपासून घ्यायचं. दुखो किंवा न दुखो.

तेव्हापासून संक्रांत झाली की माझा तपासणीचा आठवडा सुरू होतो. रक्तातली साखर, रक्तदाब, डोळे, दात आणि सर्वांत शेवटी मॅमोग्राफी. मॅमोग्राफीत स्तन दोन पट्ट्यांमध्ये दाबून धरतात आणि फोटो काढतात. कळ येते, पण श्वास रोखून सोडेपर्यंत ती संपतेही. हे वाचताना लाजू नका. आमच्या पिढीच्या बायका या एका शब्दाला लाजल्या, आणि गाठ पदराखाली वाढत राहिली. मी मात्र वर्षानुवर्षं जात राहिले, फिल्म मोठ्या पाकिटात घालून कपाटात उभ्या लावत राहिले. दर वेळी अहवालात तेच ते कंटाळवाणं वाक्य असायचं, आणि त्या कंटाळ्याइतकं मला दुसरं काही आवडायचं नाही.

आता लेझीमबद्दल. तुमच्याकडे माझा जो व्हिडिओ आहे त्यात मी पांढऱ्या साडीत उड्या मारताना दिसते, आणि तुमच्या मित्रांना ते खरं वाटत नाही असं तुम्ही म्हणालात. खरं आहे ते. निवृत्त झाल्यावर माझे गुडघे कुरकुरायला लागले, रक्तदाबही वाढला. डॉक्टरांनी चालायला सांगितलं. विहाराशेजारच्या मैदानाला मी रोज सकाळी फेऱ्या मारायचे, आणि मला इतका कंटाळा यायचा की मी मनातल्या मनात जुन्या विद्यार्थ्यांची हजेरी घ्यायचे. त्याच मैदानात आमच्या भागातल्या बायका जयंतीच्या मिरवणुकीसाठी लेझीमचा सराव करायच्या. त्यांची प्रमुख म्हणजे आपल्या गल्लीतली आक्का. बाजारात फळं विकते, माहेर मोडनिंबचं, आवाज असा की हलगी वाजत असली तरी ऐकू येतो. एक दिवस तिनं मला अडवलं.

"मॅडम, नुसतं गोल फिरून काय मिळतंय? या की हितं."

"मला लेझीम येत नाही."

"शाळंत केलं असंल की."

"आमच्या कॉन्व्हेंटमध्ये लेझीम नव्हतं."

"मग काय करत हुता तितं?"

"बँड वाजला की मार्च करायचो."

"म्हंजी पाय हलत्यात! मग हात आमी शिकवतो. धरा."

आणि तिनं लेझीम माझ्या हातात दिलं. लाकडी दांडा, त्याला लोखंडी साखळी, साखळीत चकत्या. दिसायला हलकं, पण हात लांब करून धरलं की थोड्याच वेळात खांदे भरून येतात. हलगीच्या ठेक्यावर साखळी वाजवायची, पाऊल पुढे टाकायचं, वाकायचं, उठायचं, आणि हे सगळं शेजारणीबरोबर एकाच वेळी. पहिल्या आठवड्यात मी जिना उतरताना कठडा धरून आडवी आडवी उतरत होते. तुमचे आजोबा खालून म्हणायचे, "खेकडा आला, खेकडा आला." पण दिवाळीपर्यंत गुडघ्यांची कुरकुर कमी झाली, आणि पुढच्या जानेवारीत डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी अर्धी केली. झोप तर अशी लागायला लागली की कुकरच्या शिट्टीनंही जाग येईना. मग मी आक्काला कधी सोडलं नाही.

यंदा जानेवारीत तुम्ही आलात. महिनाभर घरात गलका होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी तपासणीचा आठवडा पुढे ढकलला, आणि आनंदानं ढकलला. तुम्ही गेल्यावर घर इतकं सुनं झालं की कुठं जावंसंच वाटेना. मग सराव सुरू झाला, आणि एप्रिल उजाडला. तुम्ही सोलापूरचा एप्रिल पाहिलेला नाही. सकाळी नऊलाच डांबर मऊ व्हायला लागतं. अंगाला घामोळं येतं, म्हणजे उष्णतेनं बारीक लाल पुरळ, आणि त्यावर सगळं सोलापूर घामोळ्याची पावडर लावतं. आमचा सराव संपला की आक्काच्या पिशवीतून तो डबा निघायचा आणि हळदी-कुंकवासारखा फिरायचा. हिनं तिच्या मानेवर, तिनं हिच्या पाठीवर. पांढऱ्याफेक माना घेऊन आम्ही सगळ्या घरी जायचो.

त्याच दिवसांत एका सकाळी अंघोळ करून मी मॅमोग्राफीला गेले. तिथल्या मुलीनं नेहमीचं विचारलं, "अंगाला काही लावलंय का?" मी नेहमीसारखं "नाही" म्हणाले. फोटो निघाले, कळ आली, संपली, मी घरी येऊन आमटीला फोडणी दिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अहवाल आणायला आजोबा माझ्याबरोबर आले होते. मी तो जिन्यातच उघडला. इंग्रजी चांगलं येतं याचा त्या दिवशी मला पहिल्यांदा राग आला. लिहिलं होतं की दोन्ही बाजूंना बारीक पांढरे ठिपके दिसतात, मागच्या वर्षीच्या फिल्ममध्ये ते नव्हते, स्वरूप सस्पिशस आहे. म्हणजे संशयास्पद. पुन्हा मोठे करून फोटो काढावेत आणि गरज पडल्यास सुई घालून तुकडा तपासावा.

"काय म्हणतायत?" आजोबांनी विचारलं.

"पुन्हा बोलावलंय."

"मशीन बिघडलं असेल."

"मशीन नाही बिघडलेलं."

त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला, चष्मा शोधला, तो डोक्यावरच होता. वाचून झाल्यावर त्यांनी कागद घडी घालून परत दिला आणि रिक्षावाल्याशी भाडं न ठरवताच बसले. तुमचे आजोबा, भाडं न ठरवता!

मागच्या फिल्म मी इतक्या नीट जपल्या होत्या म्हणूनच ठिपके नवे आहेत हे इतकं स्पष्ट कळलं होतं. जपल्या नसत्या तर ते जुनेच असतील असं म्हणायला थोडी जागा राहिली असती. आता ती नव्हती. मला सारखी बहीण दिसायची, माझ्या पलंगाच्या कडेला, पदर आवळून बसलेली. तिला माहीत तरी नव्हतं. मी तर दरवर्षी गेले होते, सगळं वेळच्या वेळी केलं होतं, चालले होते, नाचले होते, मीठ कमी केलं होतं. तरी हे यायचं असेल तर येतं का, हा प्रश्न मला भांडी घासतानाही सुटत नव्हता.

दुसऱ्या तपासणीची वेळ पुढच्या सोमवारची मिळाली. तोवर तुमच्या आईला सांगायचं नाही असं मी ठरवलं. तिथं परदेशात तिची नोकरी, तुमच्या परीक्षा. काही निश्चित कळल्यावर सांगू. आजोबांनी मान डोलावली. त्या आठवड्यात त्यांनी मी मागे न लागताही आपली रक्तदाबाची गोळी वेळेवर घेतली, वर्तमानपत्राची घडी घातली, चहाची कपबशी विसळून ठेवली. चाळीस वर्षं सांगून जे झालं नाही ते आपोआप झालं, तेव्हा मला कळलं की हे माझ्याहून जास्त घाबरलेत.

मी सरावाला जायचं बंद केलं. लगेच आक्का दारात, काखेत कलिंगड.

"मॅडम, कुटं गायब? मधली रांग वाकडी व्हायली की तुमच्याबिगर."

तिच्यापासून लपवणं मला जमलं नाही. सगळं सांगितलं. तिनं कलिंगड खाली ठेवलं. मग म्हणाली, "म्हणून मी जात न्हाय त्या तपासणीला. दुखत न्हाय ते उकरून काढायचं, आन् मग रातभर वर बघत पडायचं."

"आक्का, हेच माझी बहीण म्हणाली होती. दुखत नाही म्हणून आले नाही."

"ती वैरागची? ती म्हातारी हून गेली न्हवं?"

"नाही. पन्नाशीत गेली. गाठ वर्षभर लपवून."

 आक्का आपल्या हातांकडे बघत बसली. मग एकदम उठली.

"बरं. सोमवारी काय निघंल ते निघंल. तवर घरी बसून ठिपकं मोजणार हाय का? उद्या सक्काळी या. न्हाय आलासा तर मी हलगी घिऊन हितं दारात वाजवीन."

ती खरंच वाजवेल अशी बाई आहे, म्हणून मी गेले. पहिली काही मिनिटं पाय जड होते. पण लेझीममध्ये एक गोष्ट चांगली आहे. शेजारणीच्या पावलाकडे लक्ष नसेल तर साखळी तिच्या कोपराला लागते. म्हणून लक्ष द्यावंच लागतं, आणि तेवढा वेळ दुसरं काही आठवत नाही. सराव संपला की सगळं परत आठवायचं, पण घामानं भिजलेल्या माणसाला ते जरा लांबून आठवतं. त्या आठवड्यात मला जी काही झोप लागली ती त्या एका तासाच्या जिवावर.

सोमवार आला. डॉक्टरांकडे स्वच्छ होऊन जावं ही माझ्या आईची शिस्त. पहाटे डोक्यावरून अंघोळ केली, नेहमीसारखी तयार झाले, इस्त्रीची सुती साडी नेसले. आजोबांनी नवीन शर्ट घातला होता. का, ते मी विचारलं नाही.

या वेळी फोटो पाहणाऱ्या डॉक्टरीणबाई स्वतः हजर होत्या. माझ्या मुलीच्या वयाच्या, केस घट्ट बांधलेल्या, कमी बोलणाऱ्या. पहिला फोटो निघाला. त्या काचेपलीकडे पडद्याकडे बघत होत्या, आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हे तर आणखी जास्त दिसतायत," त्या शेजारच्या मुलीला हळू म्हणाल्या. त्यांना वाटलं मला ऐकू आलं नाही. मी आयुष्यभर शेवटच्या बाकावरची कुजबुज ऐकलेली बाई आहे.

 मी मशीनचा दांडा धरला. मनात आलं, आता तुमच्या आईला फोन करावा लागणार, आणि पहिलं वाक्य कोणतं बोलायचं ते मला सुचेना.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई काचेमागून बाहेर आल्या. "आजी, हात वर करा बरं." मी केला. त्यांनी काखेजवळ बोट फिरवलं आणि बोट उजेडाकडे धरलं. बोट पांढरं झालं होतं.

"हे काय आहे?"

"पावडर."

"कसली पावडर?"

"घामोळ्याची. उन्हाळ्यात लावतोच ना आपण."

"मागच्या वेळी आलात तेव्हा पण लावली होती?"

"रोजच लावते."

त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. "आजी, त्या पावडरीत जस्त असतं. फोटोत ते चुन्याच्या कणांसारखं दिसतं. तुम्हाला विचारलं नव्हतं का, अंगाला काही लावलंय का म्हणून?"

"विचारलं होतं की. पण पावडर म्हणजे काही लावणं थोडंच? ती अंघोळीतच आली." मी हे इतक्या मनापासून म्हणाले की शेजारची मुलगी तोंडावर हात ठेवून वळली. दरवर्षी मी थंडीत यायचे, तेव्हा घामोळंही नसायचं आणि पावडरही नसायची, म्हणून तो प्रश्न माझ्यासाठी कधी प्रश्नच नव्हता.

डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. "पावडर आहे म्हणून सगळं ठीकच असेल असं मी म्हणणार नाही. धुऊन या. मग बघू."

मी तिथल्याच न्हाणीघरात गेले. साबण लावला, ओल्या टॉवेलनं पुसलं, परत साबण लावला, त्वचा लाल होईपर्यंत घासलं. आरशात माझ्याकडे एक भिजलेली, केस विस्कटलेली म्हातारी बघत होती, आणि तिला मी मोठ्यानं म्हणाले, "पावडर असू दे." कोणाला म्हणाले ते मला माहीत नाही.

पुन्हा पट्ट्या, पुन्हा कळ. डॉक्टरीणबाईंनी प्रत्येक फोटो मोठा केला, कोपऱ्या-कोपऱ्यात पाहिला, माझ्या जुन्या फिल्म एकेक करून शेजारी धरल्या. घाई अजिबात केली नाही, आणि त्याबद्दल मी त्यांची आजही आभारी आहे. मग त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

"काही नाही. एकही ठिपका नाही. मागच्या वर्षीसारखंच आहे सगळं. सुईची गरज नाही."

मी बसले. उभीच होते हे मला बसल्यावर कळलं.

बाहेर आजोबा बाकाच्या टोकावर बसले होते. मी म्हणाले, "पावडर होती." त्यांना काही कळेना. सगळं सांगितलं तेव्हा ते आधी हसले, मग चिडले, "एवढी शिकलेली बाई!" म्हणाले, मग खिशातून रुमाल काढून चष्मा पुसायला लागले, आणि चष्मा पुसून झाल्यावरही रुमाल खिशात जाईना. खाली उतरून आम्ही उसाचा रस प्यायलो. साखर वाढेल म्हणून मी कधी पिऊ देत नाही. त्या दिवशी दोन-दोन ग्लास झाले.

मिरवणुकीत मी मधल्या रांगेत होते. व्हिडिओत मी सगळ्यांपेक्षा उंच उडी मारतेय असं तुमचा मामा म्हणाला, ते खरं असेल. थांबा घेतला तेव्हा आक्का पाण्याची बाटली घेऊन शेजारी आली.

"मॅडम, माझा डबा बदनाम केलासा की सगळ्या दवाखान्यात."

"तूही जा एकदा. मी येते बरोबर."

"लई दुखतंय का वो?"

"श्वास धरून सोडेपर्यंत."

तिनं विचार केला. "मग संक्रांतीला जाऊ. तवा घामोळं नसतंय." आणि हलगी सुरू झाली म्हणून पळाली. संक्रांतीला मी तिला नेणार आहे. रडली तरी.

तुमच्या आईला मी त्या सोमवारी रात्रीच फोन केला होता, तिथं दुपार होती. वाटलं होतं ती हसेल. ती हसली नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, मावशीनं लपवलं तेव्हा तू किती चिडली होतीस, आठवतंय? मग तू काय केलंस?"

"तुझी आठवडाभराची झोप वाचवली."

"ती माझी होती. मला विचारायचं होतंस."

मी शिक्षकांची जुनी युक्ती केली आणि उलटा प्रश्न विचारला. "तू यंदा करून घेतलीस का?"

 ती म्हणाली, "करणार होते. मुलांच्या शाळेचं काहीतरी निघालं." तिची मावशी याच आजारानं गेली, आणि आता तिची आईही तेच तपासत बसलेली. तिला दर वर्षी जायचं हे माहीत आहे. दोन वर्षं राहून गेलं होतं. त्या क्षणी माझी सुटका अर्धीच झाली आहे हे मला कळलं. मी ओरडले नाही. एवढंच म्हणाले, "वेळ घे आणि मला वार कळव. मी इथं वाट बघते."

तिनं कळवला. मे महिन्यातल्या ज्या दिवशी तुम्हाला शाळेतून शेजारच्या काकूंनी घरी आणलं, तोच तो दिवस. अहवालाच्या दिवशी, तुमच्या सकाळी म्हणजे माझ्या संध्याकाळी, मी फोन हातात घेऊनच अंगणात बसले होते. वाजला. तिचा आवाज लगेच कळला, लहानपणी निकालाच्या दिवशी असायचा तसा. "आई, स्वच्छ आहे. सगळं स्वच्छ आहे." मागे तुमच्यापैकी कोणीतरी एक मोजा सापडत नाही म्हणून ओरडत होतं. ती तुम्हाला म्हणाली, "थांबा, मी आजीशी बोलतेय." मी म्हणाले, "ठेव फोन. आधी मोजा शोध, बस जाईल त्यांची."